शिंप्याचा वायदा

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला तोंड फुटते आणि त्याबरोबर शहरांतून व तालुक्याच्या गावांतून एकच संवाद घरोघर ऐकू येऊ लागतो. ‘‘ब्लाऊज मिळाला का?’’ ‘‘नाही, परवा या म्हणाल्या.’’ परवा जावे तो हूक लावावयाचे राहिलेले असतात. त्यानंतर जावे तो कारागीर गावी गेलेला असतो. आणि हळदीच्या आदल्या रात्री अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून दुकानात शिरावे, तेव्हा आपले कापड नुकते कोठे कापले जात असते. या प्रसंगातून न गेलेले मध्यमवर्गीय कुटुंब विरळाच. मग लग्नघरातील चिडचिड, ऐनवेळी बाजारातून आणलेला आणि कोठेच धड न बसणारा तयार ब्लाऊज, आणि शेवटी ‘शिंपी म्हणजे खोटारडाच’ हा निकाल. हा निकाल इतका सर्वमान्य आहे की त्यावर अपील करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखात ते करावयाचे आहे. शिंपी खोटे बोलत नाही, असे माझे म्हणणे नाही. तो खोटे बोलतो. परंतु हे खोटे त्याच्या एकट्याचे नाही. गिऱ्हाईक आणि शिंपी या दोघांनी मिळून चालविलेल्या व्यवहाराचा तो भाग आहे. आणि त्याची किंमत मात्र दोघांपैकी जो दुबळा असेल त्याच्याकडून वसूल होते.

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. म्हणीत जातीचा दंश आहे आणि तो आज कोणी उगाळू नये. ज्या शिंपी समाजात संत नामदेव जन्मले त्या समाजावर तर ती विशेषच अन्याय करते. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती एकवार थांबून वाचण्यासारखी आहे. हे तीनच व्यवसाय एकत्र का यावेत? कुंभार, सुतार, लोहार यांना या पंक्तीत जागा का नाही? कुंभाराचे मडके वाजवून घेता येते, सुताराचे औत पारखून घेता येते. सोनाराला मात्र आपण आपलेच सोने देतो, शिंप्याला आपलेच कापड देतो आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात आपलीच जमीन असते. आणि तिन्ही ठिकाणी आत काय चालले आहे, याचा आपल्याला पत्ता नसतो. माल आपला आणि ज्ञान दुसऱ्याचे, अशी ही विषम स्थिती आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ज्या विषम माहितीचे विवेचन केले आणि ज्यामुळे २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले, तिचा अनुभव आपल्या पूर्वजांनी एका ओळीत, थोड्या कुजकटपणाने का होईना, नोंदवून ठेवला होता.

मौज अशी की इंग्रजी अमदानीतील कायदेकर्त्यांनाही यांपैकी दोघांच्या जवळपासची जोडी सुचली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० पाहावे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेऊन तिच्यावर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला, आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क हे कलम देते. त्याखाली दोन दृष्टांत आहेत. पहिला जवाहिऱ्याचा: त्याच्याकडे पैलू पाडण्यासाठी हिरा दिला आहे, आणि पैसे मिळेपर्यंत त्याला तो ठेवून घेता येतो. दुसरा शिंप्याचा: त्याच्याकडे कोटासाठी कापड दिले आहे, परंतु कोट तयार होताच देण्याचे आणि शिलाईसाठी तीन महिने थांबण्याचे त्याने कबूल केले असल्यामुळे त्याला कोट अडकवून ठेवता येत नाही. दृष्टांत केवळ तत्त्व स्पष्ट करण्यासाठी असतात, हे मला मान्य आहे. तरीही उधारीवर काम करणारा कोण, असा प्रश्न पडल्यावर कायदेकर्त्यांना शिंपीच आठवला, हे विसरण्यासारखे नाही. (म्हणीतील तिसऱ्या गृहस्थांचा प्रश्न पुढे मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनच रद्द करून सोडविला. शिंप्याचा प्रश्न असा सोडविता येण्यासारखा नाही.)

म्हण रूढ झाली तेव्हाचा आरोप कापड मारण्याचा होता. तो आता मागे पडला आहे. कापड मोजून आणले जाते, उरलेल्या तुकड्याची पिशवी किंवा बटवा शिवून मागितला जातो. आजचा आरोप वेळ मारण्याचा आहे, आणि वेळेची चोरी अशी विचित्र असते की तीत नेमका चोर कोण हे ठरविणे कठीण जाते.

हे मी दुरून लिहीत नाही. सांगलीत माझी आई घरी शिवणकाम करीत असे. १९९० च्या दशकातील ही गोष्ट. वडिलांची नोकरी खाजगी आणि बेभरवशाची होती. आमची फी, वह्या, आजीची औषधे हे सारे आईच्या पायाखालच्या पायट्यावर चाले. यंत्र उषा कंपनीचे, जुने विकत घेतलेले. अभ्यास झाल्यावर हूक लावणे, हातशिलाई करणे आणि साड्यांना फॉल लावणे हे माझे काम. याखेरीज आणखी एक काम माझ्याकडे होते, ते म्हणजे दारात आलेल्या बाईंना ‘आई बाहेर गेली आहे’ असे सांगण्याचे. मी हे वाक्य उच्चारीत असताना आई आतल्या खोलीत यंत्राचे चाक हाताने घट्ट धरून बसलेली असे, आवाज होऊ नये म्हणून. ती बाई जिना उतरल्याची चाहूल लागली की चाक सुटे आणि पुन्हा टीप सुरू होई. दारातल्या बाईंना ते कळत नसेल असे नाही. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरीही असेच कोणी वसुलीला येत असले पाहिजे.

आईच्या मापवहीत प्रत्येक नावापुढे दोन तारखा असत. एक शाईने लिहिलेली, ती गिऱ्हाईकाने सांगितलेली. दुसरी पेन्सिलीने, तिच्या शेजारी. ती आईच्या अंदाजाने खरी. एखाद्या बाईंनी ‘बाराला लग्न आहे’ म्हणून सांगितले की आई मनाशी हिशेब करी: या बाई चार दिवस आधीची तारीख सांगतात, म्हणजे लग्न सोळाला. दुसऱ्या एक बाई आठवडाभर आधीची सांगत. एक शिक्षिका होत्या, त्या खरी तारीख सांगत. आणि त्यांचे काम नेहमी उशिरा होत असे. मला त्या वयात याचा अर्थ लागला नव्हता. पुढे महाविद्यालयात ग्रेशॅमचा नियम शिकताना तो लागला. हिणकस नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते, तसेच खोटी तारीख खऱ्या तारखेला हुसकावून लावते. सारेच गिऱ्हाईक तारीख अलीकडे ओढू लागले की शिंपी प्रत्येक तारीख पलीकडे ढकलू लागतो. शिंपी ढकलतो हे कळले की गिऱ्हाईक ती आणखी अलीकडे ओढते. आणि अखेरीस तारीख या शब्दाला काही मोलच उरत नाही. यात लबाडी कोणी सुरू केली, हा प्रश्न चलनवाढ कोणी सुरू केली या प्रश्नाइतकाच निष्फळ आहे.

आता थोडे अंकगणित पाहू. अस्तराचा साधा ब्लाऊज कापण्यापासून हूक लावण्यापर्यंत सराईत हाताला दोन-अडीच तास घेतो. कटोरी, प्रिन्सेस, पाठीला नॉट, गळ्याला पायपिंग असे काही असले तर त्याहून अधिक. स्वयंपाकपाणी सांभाळून आई दिवसाला चार ब्लाऊज करी. दिवाळीच्या आधी नव्वद ब्लाऊज जमा झाले, तर शेवटचा ब्लाऊज तेविसाव्या दिवशी तयार होणार, याला दुसरा इलाज नाही. परंतु नव्वदावी बाई आली तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर होती. आईने तिला काय सांगावयाचे? खरे सांगितले तर ती दुसरीकडे जाणार. आणि एकट्या त्या ब्लाऊजसाठी नव्हे, तर वर्षभरासाठी, आपल्या जावा-नणंदांसह जाणार. पितृपक्षात, पौषात, भर पावसाळ्यात यंत्रावर कापड नसते तेव्हा याच बायकांचे दोन-चार परकर आणि उसवलेल्या बाह्या यंत्र चालते ठेवतात. सुगीत नकार देणारा शेतमजूर जसा बेगमीला मुकतो, तसाच सराईत नकार देणारा शिंपी. म्हणून तो ‘हो’ म्हणतो.

नव्वद ब्लाऊजचे हे गणित तरी सरळ आहे. रांगेचे शास्त्र त्याहून निष्ठुर आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील ए. के. एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली या शास्त्राचा पाया घातला. त्याच्या साध्यात साध्या नमुन्यानुसार, सेवा देणारा ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर त्याच्याकडे सरासरी ४ कामे पडून असतात. ९० टक्के व्यग्र असेल तर ९. आणि ९५ टक्के असेल तर १९. व्यग्रता १५ टक्क्यांनी वाढते आणि खोळंबा जवळजवळ पाचपट होतो. जो शिंपी हात क्षणभर रिकामा ठेवीत नाही, ज्याला आपण कष्टाळू म्हणून गौरवितो, त्याच्याच दारात रांग सर्वांत लांब असते आणि त्याच्याच तारखा सर्वाधिक चुकतात. दिवसातील काही वेळ मोकळा ठेवणे ही वेळेवर काम देण्याची किंमत आहे; आणि नगावर मजुरी घेणाऱ्याला ती परवडत नाही. वीज जाणे, बॉबिन अडणे, मुलाला ताप येणे, यांपैकी काहीही झाले तरी सारी माळच पुढे सरकते. शहरातील दुकानांतून काम करणारे कितीतरी कारागीर उत्तर प्रदेश व बिहारमधील आहेत. छठपूजा दिवाळीनंतर सहा दिवसांनी येते, आणि नेमक्या त्याच सुमारास इकडे तुळशीच्या लग्नाची व पाठोपाठच्या मुहूर्तांची घाई सुरू होते.

येथे शिंप्याची एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती केवळ परिस्थितीने लादलेली नाही. कापड हाती आले की तो ते लवकरात लवकर कापून ठेवतो. शिवत नाही, कापून ठेवतो. कापलेले कापड ओलीस असते. ते घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ शकत नाही. अशी कापलेली तीस-चाळीस गाठोडी फळीवर रचलेली असली की धंदा सुरक्षित वाटतो, परंतु त्या कापण्यात गेलेला वेळ शिवण्यातूनच वजा झालेला असतो. अर्धी झालेली दहा कामे एकाही गिऱ्हाईकाला उपयोगी पडत नाहीत. पुरी झालेली पाच निदान पाच जणींची चिंता मिटवितात. आई हेच करी. मी तिला पुष्कळदा हटकले. ‘‘तुला पुस्तकातले कळते, धंद्यातले नाही,’’ हे तिचे उत्तर ठरलेले असे.

गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत, तेव्हा गिऱ्हाईकाविषयी चार शब्द. शिवणकामातील अवघड गिऱ्हाईक म्हणजे भांडखोर गिऱ्हाईक, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात भांडणारी बाई सोपी असते, कारण तिला काय हवे ते तिला ठाऊक असते. अवघड ती, जी ‘तुम्हाला योग्य वाटेल तसे शिवा’ म्हणून हसतमुखाने कापड देऊन जाते आणि तयार झाल्यावर गळा एवढा खोल कसा, असे विचारते. अवघड ती, जी मापासाठी तीन वर्षांपूर्वीचा ब्लाऊज आणते आणि मधल्या तीन वर्षांचा उल्लेख केलेला तिला खपत नाही. हल्ली आणखी एक प्रकार वाढला आहे. एखाद्या नटीचे चित्र भ्रमणध्वनीवर दाखवून ‘अगदी असाच’ म्हणून सांगितले जाते. त्या चित्रामागे कित्येक हजारांचे कापड, छायाचित्रकाराची प्रकाशयोजना आणि मागील बाजूस टोचलेल्या टाचण्या असतात. पुढ्यातील कापड मात्र अडीचशे रुपये मीटरचे असते. कापड कापले गेल्यावर रात्री साडेअकराला ‘बाही कोपरापर्यंत करा’ असा निरोप येतो. मग उसवाउसव, जोड, पुन्हा टीप. या दुरुस्तीचे पैसे मागावयाचे नसतात, असा संकेत आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. पुढे अंग भरले तर उसवून वाढविता यावे म्हणून ती ठेवावयाची. कापडात माया ठेवण्याची अपेक्षा शिंप्याकडून आपण जरूर करावी. मात्र आपल्या मागण्यांत त्याच्या वेळेसाठी आपण बोटभरही माया सोडत नाही.

आणि काम नेण्यास न येणारे गिऱ्हाईक! याविषयी कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. ‘उद्याच हवा’ म्हणून रात्र जागविणाऱ्या बाई तयार कपडा नेण्यास तीन आठवडे फिरकत नाहीत, कारण समारंभाला त्यांनी दुसराच नेसवा ठरविलेला असतो. शिलाई पडून राहते. आईने २०१२ साली काम थांबविले, तेव्हा तिच्या ट्रंकेत सात ब्लाऊज निघाले. त्यांचे पैसे कधी आले नाहीत आणि दुसऱ्या कोणाला विकावे तर ते दुसऱ्या कोणाला बसणार नव्हते. मापाने शिवलेल्या वस्तूचा हाच मोठा धोका आहे. ती एकाच माणसाची असते. त्या माणसाने पाठ फिरविली की तिची किंमत चिंधीची होते. किराणा दुकानदाराचा न खपलेला साबण उद्या खपतो. शिंप्याला ती सोय नाही. त्याला माल आगाऊ करून ठेवता येत नाही आणि झालेला दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही.

तारखा चुकविण्याचा मक्ता शिंप्याकडेच आहे असे मानणाऱ्यांनी, विशेषतः माझ्या व्यवसायबंधूंनी, थोडे आपल्या घरात डोकावून पाहावे. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिले की, आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना माणूस मागील अनुभव बाजूला ठेवतो. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारण्यात आला. त्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस सांगितले. प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. सांगितलेल्या तारखेला काम पुरे करणारे दहांत तीनच निघाले. यातील एकही विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचे ठरविले, तेव्हा कुलपतींनी निकालांसाठी ३१ जुलै ही तारीख घालून दिली होती. ती टळली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची त्यात झालेली तारांबळ एका न मिळालेल्या ब्लाऊजपेक्षा फार मोठी होती. तेव्हा आपण यंत्रणेला दोष दिला. शिंप्याची मात्र नियत काढतो.

कायद्याने काही होईल काय? करार कायद्याचे कलम ५५ सांगते की, वेळ हा कराराचा प्राण असेल आणि वेळ पाळली गेली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. लग्नाच्या ब्लाऊजमध्ये वेळ हा प्राण असतो, याविषयी दुमत होणार नाही. परंतु कापड कापलेले असताना करार रद्द करून हाती काय येणार? ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला, २०१९ साली नव्याने झाला, आणि शिवणकामाच्या तक्रारीही जिल्हा आयोगांपुढे गेल्या आहेत. ज्या गृहिणीने पावतीही न देता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात यंत्र मांडले आहे तिच्यावर नोटीस बजावणे हा न्याय झाला, असे मला वाटत नाही. आणि मोठ्या दुकानावर ती बजावली, तर मालक त्या भरपाईचा भार कारागिराच्या नगाच्या दरावर टाकणार नाही, याचीही मला खात्री नाही.

सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ व्यवसाय आहेत, शिंपी त्यांत आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणकाळात रोजचे ५०० रुपये, ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना वाईट नाही. ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांना तिचा उपयोग होईल. परंतु ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांची अडचण यंत्राची नसून हंगामाची आणि नकार देण्याच्या असमर्थतेची आहे. यंत्रांची संख्या वाढली की पौषातील रिकामे हात वाढतील. दिवाळीच्या पंधरवड्यातील रांग कदाचित थोडी कमी होईल.

मग उपाय काय? तो वायदेबाजाराकडून शिकण्यासारखा आहे. वायदेबाजार म्हटले की आपल्याकडे सट्टा आठवतो. परंतु तेथे एक शिस्त असते: वायदा करणाऱ्या दोन्ही पक्षांना अनामत ठेवावी लागते, आणि जो वायदा मोडील त्याची ती जाते. शिंप्याच्या वायद्यात कोणाचेच काही अडकलेले नसते. म्हणून निम्मी शिलाई कापडाबरोबर घेतली जावी. तारीख पावतीवर दोघांसमोर लिहिली जावी. उशीर झाल्यास दर दिवसामागे ठरावीक रक्कम शिलाईतून कमी व्हावी. त्याच न्यायाने कापल्यानंतर बदल सांगितल्यास त्याचे वेगळे पैसे पडावेत आणि तयार कपडा महिनाभर न नेल्यास आगाऊ रक्कम बुडावी. तातडीचे काम हवे असेल तर त्याचा दर उघडपणे दीडपट असावा.

या शेवटच्या सूचनेवर आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे: पैसेवाल्या बायका पुढे जातील आणि गरीब मागे राहतील. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु आज रांग कशी चालते? ज्या वस्तूची किंमत मागणीबरोबर हलत नाही तिची वाटणी प्रतीक्षेने किंवा वशिल्याने होते. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली पिढी अजून हयात आहे. त्या रांगेत कोण पुढे जाई, हे त्या पिढीला विचारावे. शिंप्याकडेही साहेबांच्या पत्नीचे, शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे, आवाज चढविणाऱ्या बाईंचे काम आधी होते आणि भिडस्त बाई मागे पडते. दीडपट दर घेतला तर निदान त्यातील पैसा कारागिराच्या हाती पडेल. आज रात्र तो जागतो आणि श्रेय वशिल्याला जाते.

काही दुकानांवर दिवाळीपूर्वी दोन-तीन आठवडे ‘दिवाळीच्या ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते. या धंद्यातील ते सर्वांत प्रामाणिक वाक्य असावे. पण ती पाटी लावण्याइतकी पत सर्वांना कोठून यावी? घरी शिवणाऱ्या बाईला शेजारणीचे कापड परत करता येत नाही. तिचे गिऱ्हाईक तिची शेजारीण असते, मुलाच्या वर्गशिक्षिका असतात, घरमालकीण असते. अशा ठिकाणी एकट्या बाईने नियम केला तर तो उद्धटपणा ठरतो. गल्लीतील आठ-दहा जणींनी मिळून एकच दरपत्रक व एकच पावती ठेवली तर तो रिवाज ठरतो. आपल्याकडे गावोगाव बचतगट आहेत. कर्जाच्या हप्त्यांपलीकडे त्यांनी या एका गोष्टीचा विचार करण्यास हरकत नसावी.

हे सारे एका ब्लाऊजसाठी कशाला, असे विचारणाऱ्यांना या धंद्याचे काय उरले आहे याची कल्पना नाही. पुरुषांचे शर्ट-विजारी तयार कपड्यांनी नेल्या. शाळेचा गणवेश, जो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शिंप्याला जगवी, तो आज सोलापूरच्या कारखान्यांतून गठ्ठ्यांनी येतो. उरला ब्लाऊज. आता ताणले जाणाऱ्या कापडाचे तयार ब्लाऊज दुकानांत टांगलेले दिसतात. ते कोणालाही बसतात, म्हणजे कोणालाच नीट बसत नाहीत, पण ते आज मिळतात. तारखेवर विश्वास उरला नाही तर बायका तिकडे वळतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. मात्र ज्यांचा एक खांदा उतरता आहे, ज्यांची पाठ वाकली आहे, ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या कोठे जाणार? आईकडे अशा दोघी-तिघी येत. त्यांच्या मापांचे पान ती कोणाला दाखवीत नसे, आणि त्यांच्या ब्लाऊजला आतून जी पट्टी द्यावी लागे तिचे पैसेही लावीत नसे.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मी आमच्या गल्लीतील शिवणाऱ्या ताईंकडे कापड घेऊन गेले. लग्नाची खरी तारीख सांगितली, निम्मी शिलाई पुढे केली आणि घाईचे म्हणून वरचे पैसेही देऊ केले. निम्मी शिलाई त्यांनी घेतली. वरचे पैसे परत माझ्या हातात दिले. ‘‘मॅडम, तुमच्याकडून कसे घ्यायचे? माझा मुलगा तुमच्याच कॉलेजात आहे,’’ असे म्हणून त्यांनी माझे कापड फळीवरच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवले. त्या जागेवरचे जे गाठोडे उचलून त्यांनी खाली सरकविले, ते कोणाचे, हे मी विचारले नाही.